पुण्याच्या मातीत तांबे ‘जास्त’ का दिसते? माती आणि ओढ्यांच्या गाळाचा भूरासायनिक नकाशा

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यातील गृहसंस्थांमध्ये परसबागेची माती प्रयोगशाळेतून तपासून घेण्याचे प्रमाण अलीकडे वाढले आहे आणि असे अहवाल ‘जरा बघून सांगा’ म्हणून अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेकांचा साचा एकच असतो : तांबे, निकेल आणि क्रोमियम यांच्यापुढे ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असा शेरा, तर शिशापुढे ‘समाधानकारक’. वाचणारा तांब्याला घाबरतो आणि शिशाबाबत निर्धास्त होतो. माझ्या मते पुण्यापुरते हे नेमके उलटे असण्याची शक्यता अधिक आहे. ते का, हे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

आपले शहर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या दख्खनच्या लाव्हाथरांवर वसले आहे. आज हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. या बेसाल्टमध्ये तांबे साधारणपणे १०० ते २०० पीपीएम, म्हणजे एक किलो दगडात १०० ते २०० मिलिग्रॅम असते आणि काही थरांत त्याहूनही अधिक आढळते; व्हॅनेडियम बहुधा ३०० पीपीएमच्या पुढे असते. भूखंडांच्या कवचाच्या वरच्या भागाची जागतिक सरासरी मात्र तांब्यासाठी २८ आणि व्हॅनेडियमसाठी ९७ पीपीएम धरली जाते. वाघोलीच्या खाणींतील ज्या निळ्याशार कॅव्हनसाइट खनिजासाठी जगभरचे संग्राहक पुण्याचे नाव घेतात, त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचाच आहे. याउलट पोटॅशियम, थोरियम, युरेनियम आणि शिसे ही मंडळी आपल्या दगडात मुळातच तुटपुंजी आहेत. शिशाचा आकडा तर बहुतेक थरांत एक अंकी असतो.

आता अहवालातील ‘मर्यादा’ कुठून येते ते पाहू. सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याविषयी युरोपात १९८६ साली जो निर्देश निघाला, त्यात जमिनीतील तांब्यासाठी ५० ते १४० आणि निकेलसाठी ३० ते ७५ मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी मर्यादा आहे. ज्या उतारावर कधी कारखाना उभा राहिला नाही आणि रासायनिक खताची गोणही फुटली नाही, अशा सिंहगडाच्या बाजूच्या मातीनेही ही मर्यादा ओलांडावी, यात नवल काहीच नाही.

शोधनिबंधांतही हाच घोटाळा दिसतो. १९६९ साली म्यूलर यांनी गाळातील धातूंचा ‘भूसंचय निर्देशांक’ सुचवला. मोजलेला आकडा मूळ पातळीच्या दीडपटीने भागायचा आणि त्याचा दोन या पायावरील लॉगरिदम घ्यायचा, इतके ते सोपे आहे. प्रश्न आहे तो मूळ पातळी कोणती घ्यायची हा. अनेक जण १९६१ सालची शेल या चिकणमातीपासून बनलेल्या खडकाची जागतिक सरासरी घेतात, जिच्यात तांबे ४५ आणि शिसे २० पीपीएम आहे. समजा, आपल्या ओढ्याच्या गाळात तांबे १५० आले, तर निर्देशांक सुमारे १.१५ येतो आणि गाळ ‘मध्यम प्रदूषित’ ठरतो. शिसे २० आले, तर निर्देशांक उणे ०.५८ येतो आणि गाळ ‘अप्रदूषित’ ठरतो. आता शेल बाजूला ठेवून बेसाल्टची पातळी घ्या, तांबे १५० आणि शिसे ५. तांब्याचा निर्देशांक उणे ०.५८ होतो आणि शिशाचा १.४२. नमुना तोच, यंत्र तेच, आकडेही तेच. फक्त तुलनेचा दगड बदलला आणि आरोपी बदलला. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे सहजासहजी हलत नाही, हे लक्षात घेतले तर ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

म्हणूनच प्रदेशाचा स्वतःचा भूरासायनिक नकाशा, म्हणजे कुठे कोणते मूलद्रव्य किती आहे हे दाखवणारा नकाशा, लागतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय भूरासायनिक मानचित्रणाचे काम हाती घेतले. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर (भूरूपे दाखवणाऱ्या नकाशावर) दोन किलोमीटर गुणिले दोन किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनासाठी ओढ्यांच्या गाळाचा एक एकत्रित नमुना तयार करायचा, अशी त्याची ढोबळ पद्धत आहे. पुणे शहराचा बराचसा भाग ज्या ४७ एफ/१४ या शीटवर येतो, तिचे क्षेत्रफळ सुमारे ७३० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका शीटसाठी १८० च्या आसपास नमुने होतात आणि प्रत्येकात साठाच्या आसपास मूलद्रव्ये मोजली जातात.

शेतातील माती सोडून ओढ्याचा गाळ कशासाठी, असे कोणी विचारेल. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर ते शीत सगळ्या पातेल्याचे प्रतिनिधी असावे लागते. मातीचा नमुना फार तर त्या बांधापुरता खरा असतो; ओढा मात्र आपल्या पाणलोटातील सगळ्या उतारांवरून कण गोळा करून आणतो, त्यामुळे त्याचा एक नमुना चार-दोन चौरस किलोमीटरविषयी काही सांगू शकतो.

पर्वतीपायथा

लेख माहितीपूर्ण आहे. गणित मी कागदावर करून पाहिले आणि ते जुळले. तरीही एक शंका मांडतो. ‘हे सगळे नैसर्गिकच आहे’ हे वाक्य आयते हातात मिळाले, तर प्लेटिंगचा (धातूचा मुलामा चढवणारा) प्रत्येक कारखानदार उद्या तेच पुढे करील. नाल्यात क्रोमियम सापडले की बेसाल्टकडे बोट दाखवायचे आणि मोकळे व्हायचे! सामान्य नागरिकाने खरे काय नि खोटे काय, हे कसे ओळखायचे?

मुठाकाठ

पर्वतीपायथा, आपली शंका रास्त आहे. नकाशा आरोपीला सोडण्यासाठी नसतो, तसा अडकवण्यासाठीही नसतो. पण एकट्या आकड्यावर कोणताच निकाल द्यायचा नाही, हे पथ्य दोन्ही बाजूंनी पाळावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे मूलद्रव्यांची संगत पाहावी. बेसाल्टमधून आलेले तांबे आणि व्हॅनेडियम एकटे फिरत नाहीत. टायटॅनियम आणि लोह त्यांच्याबरोबर असतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला तांबे आणि टायटॅनियम यांचे जे गुणोत्तर आहे, तेच खालच्या अंगाला टिकले, तर दोन्ही एकाच दगडातून आले असे मानायला जागा आहे. टायटॅनियम जागच्या जागी राहिले आणि क्रोमियम, जस्त किंवा कॅडमियम तेवढे उसळले, तर दगडाकडे बोट दाखवता येत नाही. दुसरे असे की, एकाच जागी वरच्या १५ सेंटिमीटरची माती आणि खालचा मुरूम असे दोन नमुने घ्यावेत. हवेतून किंवा सांडपाण्यातून आलेला धातू बहुधा वर साठतो. दगडातून आलेला खालपर्यंत दिसतो.

क्रोमियमच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. बेसाल्टमधील क्रोमियम पायरॉक्सिन आणि स्पिनेल गटातील खनिजांत अडकलेले असते आणि ते तीन संयुजेचे असते. प्लेटिंगच्या टाकीत वापरले जाणारे क्रोमियम सहसा सहा संयुजेचे असते, पाण्यात सहज विरघळते आणि आरोग्याला घातक असते. एकूण क्रोमियमचा आकडा या दोघांत भेद करत नाही. त्यामुळे नाल्याविषयी तक्रार असेल, तर सहा संयुजेच्या क्रोमियमची वेगळी चाचणी मागावी, आणि तीही पाण्याची. त्या चाचणीपुढे ‘हे दगडातले आहे’ ही सबब टिकत नाही.

कऱ्हेपठार

आम्ही पुरंदर तालुक्यात शेती करतो. वरील चर्चा वाचून एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात आला. आमच्या चुनखडीच्या रानात उसाला दरवर्षी केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात, आणि मृदा आरोग्यपत्रिकेत लोहापुढे ‘कमी’ असे लिहून येते. आपण तर म्हणता की, आपला दगड म्हणजे लोहाची खाण. मग पत्रिका चुकीची की नकाशा चुकीचा?

काळवट

कऱ्हेपठार दादा, दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही वेगवेगळी गोष्ट मोजतात. मी मृदाशास्त्राचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भूरासायनिक नकाशासाठी माती पूर्ण विरघळवून किंवा क्ष-किरणांखाली धरून तिच्यातील एकूण लोह मोजतात. काळ्या मातीत ते ७ ते १० टक्के, म्हणजे ७०,००० ते १,००,००० पीपीएम असू शकते. मृदा आरोग्यपत्रिकेसाठी मात्र माती डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणात हलवतात आणि त्यात जेवढे लोह उतरते तेवढेच मोजतात, कारण पिकाच्या मुळांना साधारण तेवढेच मिळू शकते. तिथे ४.५ पीपीएमच्या खाली ‘कमी’ धरतात. लाखाच्या घरातील साठ्यातून साडेचार पीपीएमही हाती लागू नये, याला कारण चुनखडी. सामू (पीएच) ८ च्या वर गेला की लोहाची विद्राव्यता झपाट्याने घसरते आणि लोह ऑक्साइडच्या रूपात कुलूपबंद होते. फेरस सल्फेट नुसते जमिनीवर भुरभुरले, तर त्याचीही तीच गत होते. म्हणून ते शेणखतात मुरवून देण्याची किंवा फवारणी करण्याची शिफारस असते.

इथे नकाशाचा उपयोग आहे, पण तो लोहाच्या पानावर नाही. कॅल्शियमचे पान उघडावे आणि शेजारी पावसाचा नकाशा ठेवावा. ताम्हिणीकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बारामती-इंदापूरकडे तो ५०० च्या आसपास येतो. अंतर जेमतेम सव्वाशे ते पावणेदोनशे किलोमीटरचे. दोन्हीकडे दगड बेसाल्टच आहे. पश्चिमेला पाणी कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम धुऊन नेते आणि मागे लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम उरून तांबडी माती आणि माथ्यावर जांभा तयार होतो. पूर्वेला धुऊन न्यायला पाणीच पुरत नाही, म्हणून कॅल्शियम जागेवरच चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साठते, आणि कालव्याच्या पाण्याखाली निचरा बिघडला की सोडियम वाढून जमीन चोपण होते. तेव्हा ‘बेसाल्टची मूळ पातळी’ म्हणून एकच आकडा सगळ्या जिल्ह्याला लावणे मला पटत नाही. मुठाकाठ यांनी तांब्यासाठी १५० घेतले ते उदाहरणापुरते ठीक. प्रत्यक्षात मुळशीसाठी एक आणि दौंडसाठी दुसरी, अशी पातळी ठरवावी लागेल.

मुठाकाठ

काळवट यांचा मुद्दा मान्य. त्यात आणखी भर म्हणजे बेसाल्टही सगळा एकसारखा नाही. सह्याद्रीत लाव्हाथरांचे जे गट पाडले गेले, ते मुख्यतः त्यांच्या रसायनावरूनच, कारण डोळ्यांना बहुतेक थर सारखेच काळे दिसतात. खंडाळ्याजवळ ज्याचे थर उघडे पडले आहेत, त्या बुशे गटातील लाव्हा वर येताना कवचातील जुन्या खडकात मिसळला आणि त्यात बेरियम, पोटॅशियम वाढले. महाबळेश्वरच्या घाटातील आंबेनळी गट त्यामानाने निर्मळ राहिला. पाणलोट कोणत्या गटावर आहे, हे न पाहता बेरियमचा अर्थ लावू नये.

रामनदीकर

मी भूशास्त्राच्या पदवीच्या वर्गात आहे. आमच्या गटाला छोट्या प्रकल्पासाठी बावधन, पाषाण परिसरातील ओढ्यांचा गाळ गोळा करायचा आहे. नमुना नेमका कसा घ्यावा, याचे प्रत्यक्ष मार्गदर्शन कोणी करील का? पुस्तकात दिलेले वाचले आहे.

जुना हातोडा

मी या कामातून निवृत्त झालो आहे, तेव्हा चार गोष्टी सांगतो.

सर्वांत आधी हातातील अंगठी आणि कडे काढून ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका. सोने, चांदी आणि तांबे मोजायचे असतील, तर बोटातील दागिना नमुन्यात उतरतो. पितळी चाळणी, गॅल्व्हनाइज्ड बादली आणि रंग उडालेले खुरपे यांपैकी काहीही चालणार नाही. नायलॉनची चाळणी, प्लास्टिकचे घमेले आणि लाकडी किंवा प्लास्टिकचे फावडे घ्या.

पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे उगमाजवळचा, छोटा ओढा निवडा. मोठी नदी नको. रस्ता, पूल, धोबीघाट आणि वीटभट्टी यांच्या वरच्या अंगाला जा. काठ ढासळून पडलेली माती गाळ म्हणून उचलू नका. ती एकाच जागची असते. पात्राच्या मध्यभागी, पाण्याचा वेग मंदावतो तिथे, वरचा सैल थर बाजूला सारून खालचा बारीक गाळ काढा, आणि एकाच खड्ड्यातून सगळा न घेता ओढ्याच्या वीस-तीस मीटर लांबीत जागा बदलत घ्या.

आता आपल्या भागातील खास अडचण. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या वळणावर, मोठ्या धोंड्याच्या मागे, गडद काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. ती वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवला की कण उभे राहतात आणि चुंबकाबरोबर सरकतात. हे टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. जड असल्याने पाणी त्याला मागे सोडते आणि हलके कण पुढे नेते. नमुना नेमका त्या पट्ट्यातून भरला, तर टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि क्रोमियम वारेमाप येतील आणि तुम्ही खाण सापडल्याच्या आनंदात परत याल! तो पट्टा टाळा, किंवा मुद्दाम घेतला तर वहीत स्पष्ट नोंदवा.

नमुना सावलीत वाळवा. ओव्हन वापरायचाच असेल, तर तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर पारा उडून जातो. वाळलेली ढेकळे लाकडी मुसळीने मोकळी करा, पण खडे फोडू नका. १२० मेशच्या चाळणीतून, म्हणजे सुमारे ०.१२५ मिलिमीटरच्या छिद्रांतून जे खाली पडेल तेच नमुना म्हणून धरा. दळणयंत्र कशाचे आहे ते विचारून घ्या. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळले की टंगस्टन आणि कोबाल्ट फुकट मिळतात. दर वीसेक नमुन्यांमागे एका ठिकाणी शेजारीशेजारी दोन नमुने घ्या आणि प्रयोगशाळेला न सांगता वेगळ्या क्रमांकाने पाठवा. त्या जोडीत जेवढा फरक येईल, त्याहून लहान फरकाला नकाशावर रंग देऊ नये.

रामनदीकर

मनःपूर्वक आभार, सर. पाषाण तलावाच्या खालच्या अंगाला एक नमुना घेण्याचे ठरवले होते. आपण लिहिलेले वाचून ते ठिकाण आता शंकास्पद वाटते. तलाव गाळ अडवतो ना?

आंबीखोरे

जुना हातोडा सरांच्या आधी मीच उत्तर देतो, कारण हा माझा आवडता विषय आहे. तलाव असो वा धरण, गाळाच्या दृष्टीने तिथे पाणलोट तुटतो. मुठेचेच पाहा : वर टेमघर, वरसगाव, पानशेत आणि शेवटी खडकवासला. एरवी सह्याद्रीच्या धारेवरून निघालेला कण म्हात्रे पुलापर्यंत यायला हवा, पण तो यांपैकी कोणत्या तरी जलाशयाच्या तळाशी बसतो. शहरातील मुठेचा गाळ म्हणजे मुख्यतः खडकवासल्याच्या खालचे ओढे, टेकड्यांवरील बांधकामांची खोदाई आणि गटारे यांचे देणे आहे. तो गाळ शहराविषयी पुष्कळ काही सांगेल, मात्र मुठा खोऱ्याची नैसर्गिक पातळी सांगणार नाही. काठावरची माती तर त्याहून अवघड. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने काय आणून टाकले आणि नंतरच्या भरावाने त्यावर काय चढवले, हे थर उलगडल्याशिवाय कळत नाही. आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहांना जागोजागी सिमेंटच्या भिंती आहेत. सिमेंटचा चुरा गाळात आला की कॅल्शियमच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते.

मूळ पातळी हवी असेल, तर धरणांच्या वर जा, नाहीतर ज्यांवर धरण नाही असे टेकड्यांवरचे ओढे निवडा.

जुना हातोडा

आंबीखोरे यांनी अचूक सांगितले. रामनदीकर, तलावाच्या खाली नमुना घ्यायला हरकत नाही, पण वरच्या आणि खालच्या नमुन्यांची एकाच सरासरीत मोट बांधू नका.

गाळाचा विषय निघालाच आहे, तर जिल्ह्यातील एक गंमत सांगतो. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गावाजवळ नदीच्या जुन्या गाळात पांढुरक्या ज्वालामुखीय राखेचा थर आहे, आणि कऱ्हेकाठी मोरगावच्या बाजूलाही तशी राख सापडते. ही राख दख्खनच्या लाव्हाची नाही. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडून आली. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, ७५,००० वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी जुन्या, यावर संशोधकांत दीर्घ वाद झाला आहे. आपल्याला महत्त्वाचे आहे ते तिचे रसायन. ती रायोलाइटी काच आहे : सिलिका आणि पोटॅशियम भरपूर, टायटॅनियम आणि लोह नगण्य. अशा थराच्या खालच्या अंगाला ओढ्यात नमुना घेतला, तर बेसाल्टच्या प्रदेशात अचानक पोटॅशियम, थोरियम वाढलेले दिसेल. आसपासच्या खतांवर खापर फोडण्याआधी काठ चढून पाहावा.

पर्वतीपायथा

चर्चा वाचून माझे मत काहीसे बदलले आहे, पण एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आमच्या संस्थेने माती एकाच वेळी दोन प्रयोगशाळांकडे पाठवली होती. तांब्याचे आकडे जवळपास जुळले; क्रोमियमचे मात्र एकीकडे दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आले. यातील एक प्रयोगशाळा चुकली, असेच समजायचे ना?

मुठाकाठ

तसे समजण्याची घाई नको. आधी दोघांनाही माती कशात विरघळवली ते विचारा. एका प्रयोगशाळेने अम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, वापरले असेल आणि दुसरीने हायड्रोफ्लोरिक आम्लासह चार आम्ले वापरली असतील किंवा थेट एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर, मोजले असेल, तर असाच फरक अपेक्षित आहे. मातीतील तांबे अम्लराजात बऱ्यापैकी उतरते. क्रोमियम मात्र पायरॉक्सिन आणि स्पिनेलच्या दाण्यांत दडून बसलेले असते. ते दाणे अम्लराजाला दाद देत नाहीत, आणि स्पिनेल कधीकधी चार आम्लांनाही पुरून उरते. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीने खरे असू शकतात. मर्यादेशी तुलना करताना ती मर्यादा कोणत्या पद्धतीसाठी ठरवली आहे, तेही पाहावे लागते.

नमुन्यांबरोबर कोणता प्रमाणित संदर्भ नमुना मोजला, हेही विचारा. बेसाल्टसाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ‘बीएचव्हीओ-२’ हा हवाई बेटांवरील दगड सर्रास वापरला जातो. त्यात तांबे सुमारे १२७, निकेल ११९ आणि क्रोमियम २८० पीपीएम असल्याचे ठरलेले आहे. त्यांच्या यंत्रावर त्याच तुकडीत हे आकडे किती आले, ते लेखी मागा. ते दिले नाहीत, तर अहवालाची फी देण्याआधी पुन्हा एकदा मागा.

पर्वतीपायथा

विचारले. एकीने अम्लराज वापरले आहे आणि दुसरीने एक्सआरएफ. संदर्भ नमुन्याचे आकडे एक्सआरएफवाल्यांनी लगेच पाठवले. क्रोमियम २७१ आले आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेचे उत्तर यायचे आहे.